हजेरी

१

सकाळी उठल्यावर मी आधी चहा ठेवत नाही, आधी कान देते. माझ्या घरात दोन आवाज जागे असले पाहिजेत. एक, भिंतीपलीकडच्या अडगळीच्या खोलीतल्या माझ्या यंत्राची घरघर. दुसरा, स्वयंपाकघरातल्या गरम पाण्याच्या पाइपवर खालून येणारी क्लाव्दियाची टकटक. क्लाव्दिया माझ्या खालच्या मजल्यावर राहते, एकटीच. शरद ऋतूत मी फुप्फुसाच्या तापातून उठून घरी आले तेव्हा तिनेच ही पद्धत घालून दिली. ती चमच्याने पाइपवर दोनदा वाजवणार, मी दोनदा वाजवून उत्तर देणार आणि जरा थांबून आणखी एकदा. त्याचा अर्थ, आहे. "उत्तर आलं नाही तर दार फोडून वर येईन," असं ती म्हणाली होती. तुझे गुडघे पाहता तू जिना चढेपर्यंत माझं चाळिसाव्या दिवसाचं जेवणही उरकलेलं असेल, असं मी तिला सांगितलं. ती हसली नाही.

यंत्राचं कामही असंच, हजेरी लावण्याचं. लोक उगाच घाबरतात, त्यात समजायला अवघड काही नाही. डिजिटल नाण्यांचं एक जाळं आहे. जाळ्याला मालक नाही, म्हणून हिशेबाचं प्रत्येक नवं पान माझ्यासारख्यांची यंत्रं तपासतात आणि खाली सही करतात. ज्यांच्याकडे नाणी आहेत पण यंत्र नाही, ते आपली नाणी एखाद्या यंत्राच्या नावामागे लावून ठेवतात. यालाच स्टेकिंग म्हणायचं. नाणी कुठे जात नाहीत, जामीनदारासारखी मागे उभी राहतात. यंत्राने वेळेवर सही केली की जाळं बक्षीस देतं, त्यात सगळ्यांचा वाटा असतो. आणि हे जाळं एकटं नाही. शेजारची कितीतरी जाळी त्याला जोडलेली आहेत, माझी सही तिथेही चालते. म्हणजे इथे नाव गेलं की सगळीकडून गेलं.

माझ्यामागे टेलिफोन एक्स्चेंजमधल्या माझ्या जुन्या मैत्रिणी उभ्या आहेत. त्यांनी यंत्राकडे पाहून नाणी लावली नाहीत, अनिपाकडे, म्हणजे माझ्याकडे पाहून लावली. मला नवरा नाही, मूल नाही. डोळ्यांत तेल घालून सांभाळलेलं हे नाव, एवढीच माझी कमाई आहे आणि ते मी कुणाला हात लावू देत नाही. अपवाद फक्त सागिनचा. सागिन माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो शाळेत होता, त्याला मीच वाढवला.

त्या दिवशी दुपारी वीज गेली. बिश्केकच्या हिवाळ्यात त्याचं कुणी सुतक धरत नाही. यंत्राची बॅटरी बिघडली होती म्हणून सागिनने ती दुरुस्तीला नेली होती, त्यामुळे यंत्रही बंद पडलं. मी अडगळीच्या खोलीत जाऊन त्यावर हात ठेवला. हिरवा दिवा गेलेला, आणि पत्रा हळूहळू गार होत होता. आता सह्या चुकणार, थोडा दंड बसणार, संध्याकाळी मैत्रिणींना खुलासा द्यावा लागणार, अशा तयारीने मी फोनवर जाळ्याचं पान उघडलं. तिथे प्रत्येकाची हजेरी सगळ्यांना दिसते.

माझ्या नावापुढे हजेरी लागत होती. हिशेबाचं नवं पान आलं, सही झाली. पुढचं आलं, त्यावरही झाली. माझा हात गार यंत्रावर होता आणि माझं नाव सह्या करत होतं.

२

"एजे, ते पान शिळं दाखवतं," सागिन फोनवर म्हणाला. एजे म्हणजे थोरली बहीण. तो मला नावाने कधी हाक मारत नाही.

"शिळं असतं तर पुढे सरकलं नसतं. ते सरकत होतं."

"मग वीज गेलीच नसेल. तुझा बल्ब गेला असेल."

"बल्ब, फ्रीज, यंत्र आणि समोरची अख्खी इमारत, सगळे एकदम गेले?"

"तू ना, ताकही फुंकून पितेस. हजेरी लागली ना? दंड बसला नाही ना? मग देवाचे आभार मान आणि झोप काढ. खोकला किती वाढलाय ऐकतेस का स्वतःचा?"

मी फोन ठेवला, पण शंकेची पाल चुकचुकत राहिली. या धंद्यात एक चूक अशी आहे, जी माफ होत नाही. सही चुकली तर किरकोळ दंड बसतो. पण एकाच नावाने दोन यंत्रं चालली, आणि कधी त्या दोघांनी एकाच वेळी दोन वेगळ्या सह्या केल्या, तर जाळं ते नाव कायमचं पुसतं. अर्ज नाही, विनंती नाही. असं होतं ते लबाडीमुळे नव्हे, काळजीमुळे. पहिलं यंत्र बंद पडलं असेल या भीतीने माणूस पर्यायी यंत्र सुरू करतो, आणि पहिलं तर जिवंतच असतं. म्हणून सागिन हे काम शिकायला बसला तेव्हा पहिल्याच दिवशी मी त्याच्याकडून घोकून घेतलं होतं. जुनं बंद झाल्याची खात्री होईपर्यंत नवं सुरू करायचं नाही.

दोन्ही यंत्रांनी प्रत्येक पानावर हुबेहूब तीच सही केली, तर मात्र जाळ्याला काही कळत नाही. दोघं त्याला एकच वाटतात.

वीज आली, घरघर सुरू झाली. मी स्वतःलाच समजावलं की ताप अजून अंगात मुरलेला आहे, डोळ्यांनी काहीतरी चुकीचं वाचलं असेल.

३

पुढच्या आठवड्यात आमच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. मी गेले नाही. खोकल्याने उभं राहवत नव्हतं, दिवसभर रजई ओढून पडून होते. आमच्याकडे मेजवानी संपली की प्रत्येकाला उरलेल्या पदार्थांची पिशवी बांधून देतात, तिला केशिक म्हणतात. जो येऊ शकला नाही, त्याचं केशिक घरचं माणूस घेऊन येतं. ते विसरणं म्हणजे तू आमच्यात नाहीस असं तोंडावर सांगणं.

दुसऱ्या दिवशी सागिन हात हलवत आला. बूट काढले, टेबलाशी बसला, बोर्सोक तोंडात टाकले. बोर्सोक म्हणजे कणकेचे तळलेले चौकोन, शुक्रवारी मी आईच्या नावाने तळते. तेलाचा वास वर जातो आणि गेलेल्या माणसाला पोचतो, असं आम्ही मानतो.

"मीठ कमी आहे का गं जरा?" तो म्हणाला.

"मीठ विचारून खाणाऱ्याचं लग्न होत नाही." हे मी त्याला मिसरूड फुटल्यापासून ऐकवते. "माझं केशिक कुठाय?"

"तू स्वतःच्या हाताने तर घेतलंस, एजे. वर माझ्या पिशवीतलं घोड्याचं मांसही काढून घेतलंस."

तो हसत होता, आणि मग हसायचा थांबला. तोंडातला घास तसाच राहिला. मी त्याच्याकडे पाहत राहिले. त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी खोटं बोलताना व्हायचे तसेच.

"मी घरी होते, सागिन."

"हो, हो. म्हणजे... मी काल जरा जास्त प्यालो होतो. राहिलं तिथेच. आणतो उद्या."

त्याने ते आणलं नाही. जाताना दारात मागे वळून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. दुकानात दोन वस्तूंतली एक निवडताना माणूस पाहतो ना, तसं. मला वाईट वाटलं, आणि कशाचं वाईट वाटलं ते धड कळेना, म्हणून रागही आला.

४

शेवटी मी यंत्रालाच विचारायचं ठरवलं. चांगली लख्ख सकाळ होती. क्लाव्दियाची टकटक झाली, मी उत्तर दिलं, चहा घेतला, आणि अडगळीच्या खोलीत जाऊन स्वतःच्या हाताने यंत्र बंद केलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मीच घर पूर्ण गप्प केलं होतं. नळातलं पाणी, खिडकीच्या फटीतला वारा, माझ्या छातीतली खरखर, सगळं वेगवेगळं ऐकू यायला लागलं.

फोनवरच्या पानावर माझं नाव सह्या करतच होतं. एकही चुकली नाही.

म्हणजे दुसरं यंत्र होतं. किती दिवस कोण जाणे, पण प्रत्येक पानावर ते माझ्यासारखीच सही करत आलं होतं, म्हणून नाव अजून शाबूत होतं. माझी किल्ली फक्त सागिनला ठाऊक होती. किल्ली म्हणजे शब्दांची एक माळ, ती घातली की कुठलंही यंत्र माझ्या नावाने सही करतं. मी ती कुठे लिहिलेली नव्हती. इस्पितळात ताप डोक्यात गेला तेव्हा तो उशाशी बसला होता, त्याला मी ती सांगितली.

त्या वेळी त्याने तेवढंच विचारलं नव्हतं. तेही आता आठवलं. बोर्सोकमध्ये मीठ किती, आई झोपवताना काय गुणगुणायची, अंगठ्यावरचा डाग कशाचा, कुणापायी मी लग्न केलं नाही, मला अंधाराची भीती वाटते का. विचारत होता आणि मी सांगत होते. मला वाटलं, भावाला बहीण जाण्याची धास्ती लागली आहे, तेवढंच बोलत राहावं म्हणून विचारतोय. मी काही हातचं राखलं नाही. त्याच्यापासून कशासाठी राखणार होते?

सहीची तार कुठून येते हे शोधणं एक्स्चेंजमध्ये उभा जन्म काढलेल्या बाईला जड नाही. तारेचा नंबर काढून मी तिथल्या मैत्रिणीला फोन लावला आणि हे कनेक्शन कुठल्या घरात आहे ते विचारलं.

"अनिपा, चेष्टा करतेस का?" ती म्हणाली. "तुझ्याच नावावर आहे. परवा तूच आली होतीस ना बिल भरायला? किती गप्पा मारल्या आपण. खोकला गेला तुझा हे फार बरं झालं." मग माझी खरखर ऐकून म्हणाली, "परत लागला वाटतं."

मी पत्ता वाचून घेतला. यंत्र पुन्हा सुरू केलं नाही. आता माझ्या मनात जे चाललं होतं, ते त्या दुसऱ्या यंत्रामागे जे कोण होतं त्याच्या मनात नव्हतं. आमची सही जुळेल याचा मला भरवसा राहिला नव्हता, आणि नाव तर वाचायला हवं होतं.

५

शुक्रवारी दुपारी गेले. कोळशाच्या धुराने शहर दिसत नव्हतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला माझ्याच घराच्या साच्यातली इमारत होती. त्या काळच्या इमारती सगळ्या एकाच साच्यातल्या, एकाची किल्ली दुसऱ्याच्या कुलपाला लागते असा जुना विनोद आहे. मी स्वतःशी तोच विनोद करत जिना चढले. तिसऱ्या मजल्यावर दम लागला, तिथेच तळणीचा वास आला. पिठात आंबट साय घालून मळलेले बोर्सोक. तशी साय फक्त आमची आई घालायची.

दार थोडं उघडं होतं, तेलाचा धूर जावा म्हणून मी ठेवते तसंच. उंबऱ्याच्या आत सागिनचे बूट होते. आतून घरघर येत होती. डाव्या भिंतीपलीकडून, अडगळीच्या खोलीतून.

"मीठ कमी आहे का गं जरा?" सागिनचा आवाज.

"मीठ विचारून खाणाऱ्याचं लग्न होत नाही."

स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला की माणसाला तो परका वाटतो, असं म्हणतात. मला वाटला नाही. माझाच होता, आजारापूर्वीचा, भरदार, मध्ये कुठेही न अडकणारा. सागिन हसला. तसा तो माझ्याकडे येऊन कित्येक महिन्यांत हसला नव्हता. कानामागून आली आणि तिखट झाली, एवढंच त्या क्षणी माझ्या मनात आलं, आणि मत्सराने माझे डोळे भरले. भीती नंतर वाटली.

फटीतून टेबलाचं टोक दिसत होतं. पिठाने माखलेला एक हात कणीक कापत होता. अंगठ्यावर डाग होता, एक्स्चेंजमध्ये तापलेलं सोल्डर टेकलं होतं तोच. दार ढकलावं म्हणून मी हात वर केला आणि मध्येच थांबले. टेबलावरचा हातही थांबला. मी बोटं मिटली. त्या हाताची बोटंही मिटली, अगदी सावकाश, आणि कणकेत रुतत गेली.

तेवढ्यात मला खोकला आला. मी तोंड दाबलं, पण व्हायचं ते झालं.

"सागिन," ती आत म्हणाली, "दारात कोण आहे बघ."

तो आला. दार हातभर उघडलं. आम्ही समोरासमोर उभे होतो, एवढे जवळ की त्याच्या ओठाला लागलेली साखर मला दिसत होती. त्याने माझ्या डोळ्यांत पाहिलं. त्याचे कान लाल झाले.

"कुणी नाही, एजे," तो मागे वळून म्हणाला. "वारा आहे."

आणि त्याने दार लावून घेतलं.

६

आज सकाळी तो आला आहे. बूट न काढताच आत आला, ते मला सगळ्यात आधी खटकलं. मी टेबलाशी बसले आहे. क्लाव्दियाची वेळ झाली आहे म्हणून हातात चमचा आहे.

"बस," मी म्हणाले. "चहा घेतोस?"

"नको."

"तिकडे झाला?"

तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. "तू परत येशील असं कुणालाच वाटलं नव्हतं, एजे. डॉक्टर म्हणाले होते, आता माणसं बोलवा. मला एकट्याला राहता येत नाही, तुला माहीत आहे. मग मी दुसरं सुरू केलं."

"दुसरं यंत्र?"

तो पडद्याची कड चाचपत राहिला.

"आणि मग मी आले."

"मग तू आलीस," तो म्हणाला. नको असताना पाहुणा दारात उभा राहिला की बोलतात, त्या सुरात.

ज्याला आईच्या मागे मी ताटातला घास काढून भरवला, त्याने माझा केसाने गळा कापला, आणि मला रडूही आलं नाही. मी म्हणाले, "घोकून घेतलं होतं मी तुझ्याकडून. जुनं बंद झाल्याची खात्री होईपर्यंत..."

"घोकलंय मी. चुकलं माझं." तो वळला. "पण चाललं होतं, एजे. सगळा हिवाळा चाललं. तुम्ही दोघी सगळ्यात सारख्याच वागत होतात, कुणाला काही कळत नव्हतं. मग त्या दिवशी तू यंत्र बंद केलंस. ती कधी बंद करत नाही. शुक्रवारी तू तिथे आलीस. तू तिकडे आलीस तशी तीही इकडे यायला निघेल, असं मला वाटलं होतं, पण ती निघाली नाही. आता तुमचं जुळत नाही. आणि जुळलं नाही की..."

"नाव जातं," मी म्हणाले. हेही मीच त्याला शिकवलं होतं.

"एक बंद करावं लागेल."

"मग तिला कर."

त्याने मान खाली घातली. "तिला खोकला नाही, एजे."

मी अडगळीच्या खोलीकडे बोट दाखवलं. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा शांत निघाला. "यंत्र तर मी त्याच दिवशी बंद केलंय, सागिन. जाऊन बघ. गार पडलंय. तुला इथे बंद करायला काही उरलेलंच नाही."

"माहीत आहे," तो म्हणाला.

त्याने बाहेरच्या दाराची किल्ली आतून फिरवली आणि खिशात टाकली. मग पडदा ओढला. फोन टेबलावर आहे, पान उघडं आहे, माझं नाव हजेरी लावतं आहे. तो माझ्या मागे येऊन उभा राहिला आहे आणि मला त्याच्या अंगाला आलेला बोर्सोकचा वास येतो आहे.

खालून पाइपवर दोनदा टकटक झाली.

मी चमचा उचलला. उत्तर द्यायचं नाही, तेवढंच मला सुचलं. उत्तर गेलं नाही तर ती येईल, गुडघे ओढत येईल, पण येईल. मी चमचा मुठीत घट्ट धरून गप्प बसले.

सागिनने माझी बोटं एकेक करून उघडली, लहानपणी मी त्याच्या मुठीतून काचेची गोटी काढून घ्यायचे तशी, न दुखवता. चमचा घेऊन तो पाइपपाशी गेला. दोनदा वाजवलं. जरा थांबला, मी थांबते तेवढाच. मग एकदा.

खाली क्लाव्दियाचा जीव भांड्यात पडला असेल. तिने रेडिओ लावलेला मला इथे ऐकू येतो आहे.